दगडाखालची नळी आणि संध्याकाळचा किडा: कॅडिसफ्लाय कशी ओळखायची

तुम्ही विचारलंय की चिपळूणच्या वर पऱ्ह्यातले दगड उलटले तर खाली वाळूच्या नळ्या चिकटलेल्या होत्या, संध्याकाळी तिथेच पतंगासारखे किडे उडत होते, तर दोन्ही एकच का आणि मासे धरायला फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली किड्याची नक्कल, कुठली बांधायची.

बहुधा एकच, कॅडिसफ्लाय नावाचा किडा. पण जात शोधायच्या मागे लागू नका, नुसत्या डोळ्यांनी ते जमत नाही. आपल्याला अवस्था ओळखता आली की पुरे. अंडी, अळी, कोष, प्रौढ असा फुलपाखरासारखाच क्रम असतो, आणि फुलपाखरं-पतंग हे यांचे अगदी जवळचे नातलग.

एक नळी पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि हलवू नका. थोड्या वेळाने कडक डोकं आणि सहा पाय बाहेर येतील. शेपटाकडे दोन आकड्या असतात, त्यांनी अळी नळीला आतून धरून बसते. लांब शेपट्या दिसल्या तर ती कॅडिस नाही. तीन असतील तर बहुतेक मेफ्लायचं, म्हणजे पाण्यातच वाढणाऱ्या दुसऱ्या एका किड्याचं, पिल्लू. नळी वाळूची, काटक्यांची किंवा पानांच्या तुकड्यांची असते, आणि ते सगळं अळीच्या तोंडातून येणाऱ्या रेशमाने जोडलेलं असतं. काही अळ्या मात्र नळी बांधतच नाहीत. खळाळत्या पाण्यात दगडांच्या फटीत बारीक जाळं विणतात आणि वाहून येईल ते खातात. त्यांच्या पोटाखाली कल्ल्यांचे झुपके दिसतात. पाण्याच्या ओढीत याच जास्त सुटतात, म्हणून माझ्या मते अळीची फ्लाय बांधायची तर यांचीच बांधावी: १४ नंबरचा गळ, हिरवट किंवा मातकट अंग, काळं डोकं, थोडं वजन.

नळीची दोन्ही तोंडं बंद आणि ती दगडाला घट्ट बसलेली असेल तर आत कोष आहे. ही अवस्था लोक विसरतात, आणि मासा नेमका तिच्यावरच तुटून पडतो. तयार झालेला कीटक जबड्यांनी नळी कापून बाहेर पडतो आणि केसाळ मधल्या पायांनी पोहत पृष्ठभागाकडे निघतो. पंख अजून अंगाच्या बाजूंना दुमडलेले, मिशा मागे वळलेल्या, कातडीखाली हवेची चकाकी. त्या वेळी त्याला पळून जाता येत नाही. संध्याकाळी मासे पाण्यावर उसळताना दिसतात पण तरंगती फ्लाय घेत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं. फ्लाय आडव्या प्रवाहात खोल जाऊ द्या, दोरी ताणली की रॉड हळू उचला. झटका बहुतेक त्या उचलण्यातच बसतो.

प्रौढ ओळखणं सोपं. बसल्यावर पंख कौलारू छपरासारखे उतरते, मिशा लांब, शेपट्या नाहीत. पतंगाला बोट लावलं तर खवल्यांची पूड लागते. याच्या पंखांवर केस असतात, पूड लागत नाही. मेफ्लाय पंख उभे धरून बसते. अंधार पडल्यावर काठावर पांढरी चादर टांगून बॅटरी लावा, काय उडतंय ते समोरच बसेल.

हे सगळं गोड्या, वाहत्या पाण्यातलं. भरतीचं पाणी पोचतं तिथून खाली, दाभोळच्या खाडीकडे, कॅडिस विसरा. तिथे कोळंबी आणि बारक्या माशांच्या नकला चालतात. वर जायचं तर पाऊस सरून पाणी निवळल्यावर. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांचं पाणी सोडतात, पातळी एकदम वाढू शकते, म्हणून पात्रात उभे राहताना निघायची वाट आधी पाहून ठेवा. आणि महाडजवळ वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहात गळ अजिबात टाकू नका, ते मासे देवाचे आहेत.

फ्लायचा रंग ठरवताना चादरीवरचा किडा उलटा करून पोट बघा. तरंगत्या किड्याची खालची बाजूच माशासमोर असते. वरून तपकिरी दिसणाऱ्याचं पोट बऱ्याचदा हिरवं निघतं.