डबा स्टीलचाच राहू दे

वाचकांचे प्रश्न : ऑक्टोबर २०२०

या महिन्यातल्या पत्रांत एकच घालमेल पुन्हा पुन्हा दिसली. इतकी वर्षं कापडी पिशवी, स्टीलचा डबा, ओला-सुका कचरा वेगळा असं मनापासून जपलं आणि मार्चपासून कोविडच्या भीतीपोटी सगळं सुटलं. आता परत धरावं म्हटलं तर घरातल्यांच्या जिवाशी खेळ तर होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यात एका घराची चूल अडकली आहे.

प्रश्न : बाई, मी तुमची बारावीची विद्यार्थिनी. नाशिकला सिडकोत राहते, घरून जेवणाचे डबे देते. लॉकडाऊनआधी रोज चाळीस डबे जायचे, सगळे स्टीलचे. जूनमध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा लोकांनी अट घातली, वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या डब्यांतच द्या. आता वीस-बावीस गिऱ्हाइकं आहेत आणि प्रत्येकामागे रोज तीन प्लॅस्टिकचे डबे, वर एक पिशवी. पैसे जातात ते जातातच, पण सकाळी घंटागाडीत तो ढीग पडताना बघवत नाही. स्टीलवर परत यावं का? माझ्यामुळे कुणाला काही झालं तर?

उत्तर : तू परत डबे सुरू केलेस हे वाचून आधी खूप बरं वाटलं. आता भीतीचं बघू.

मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. वर्तमानपत्रांनी तो सगळीकडे छापला आणि माझ्या मते लोकांची भीती माणसांवरून वस्तूंकडे वळली ती तेव्हाच. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वस्तूंवर विषाणू सोडून तो किती वेळ तग धरतो ते पाहिलं होतं. तांब्यावर ४ तासांनंतर तो जिवंत सापडला नाही, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर नाही. स्टीलवर दोन दिवसांपर्यंत सापडला आणि प्लॅस्टिकवर तीन दिवसांपर्यंत. शेवटी शेवटी उरलेलं प्रमाण फारच कमी होतं, पण क्रम बघ. सगळ्यांत जास्त वेळ तो प्लॅस्टिकवरच टिकला. शिवाय तुझे प्लॅस्टिकचे डबे कारखान्यातून, गोदामातून, दुकानातून चार जणांचे हात लागून येतात आणि ते तू न धुता वापरतेस. स्टीलचा डबा तू स्वतःच्या हातानं घासतेस. यातलं स्वच्छ कुठलं, हे तूच सांग.

बारावीत तुम्हाला साबण शिकवला होता तो आठव. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध पदार्थाचं आहे. पुरणपोळीचा तुपकट तवा साबणानं जसा सुटतो तसंच ते आवरण सुटतं आणि आवरण गेलं की विषाणू मोडतो. त्याला महागडं औषध लागत नाही, नेहमीची भांड्यांची वडी पुरते. जूनमध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि आरोग्यतज्ज्ञांनी एकत्र येऊन जाहीर निवेदन काढलं, की पुन्हा वापरायची भांडी नीट धुतली तर या साथीतही सुरक्षित आहेत.

तेव्हा हो, स्टीलवर ये. पण घासण्याची पद्धत थोडी बदलायला हवी. परत आलेले डबे ओट्यावर आणू नकोस. मागच्या दारात एक बादली ठेव, तिच्यात गरम साबणपाणी, आणि डबे उघडून आधी त्यात. मग घासायचे. झाकणाला रबराची कडा असेल तर ती रोज काढायची. आपण डबा आतून चकचकीत करतो, आणि कडीच्या बिजागरीत कालची आमटी पिवळी होऊन बसलेली असते. तिथे जुना टूथब्रश चालव. विसळून झाल्यावर उन्हात पालथे घाल आणि हात साबणानं धुवूनच पुढच्या कामाला लाग. डब्याची कापडी पिशवी रोजच्या रोज धुवायची, म्हणजे तिचेही दोन जोड हवेत.

डब्यांचे दोन जोड कुठून आणू, हा प्रश्न तुला पडायचं कारण नाही. तुझ्याकडे जुने चाळीस डबे आहेत आणि गिऱ्हाइकं वीस-बावीस. एक डबा त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे. दोन-तीन जणांना सुरुवातीला जमलं नाही तर राहू दे.

खरं जपायचं ते दारात. हा आजार मुख्यतः माणसाच्या श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून पसरतो. शिजवताना आणि भरताना मास्क, अन्न गरमागरम भरायचं, दारात स्टूल ठेवायचं. डबा त्यावर ठेवून तू मागे हो, मग त्यांनी घ्यावा. घरात कुणाला ताप, खोकला असेल तर त्या दिवसापासून डबे बंद. त्यात तडजोड करू नकोस. आणि तू डबे कसे धुतेस ते एका कागदावर चार ओळींत लिहून पहिल्या डब्यासोबत पाठव. लोक हट्टी नसतात गं, घाबरलेले असतात. कुणीतरी नीट सांगितलं की ऐकतात.

प्रश्न : आमच्या सासूबाई भाजी साबणाच्या पाण्यात धुतात आणि मिस्टर किराण्याच्या पुड्यांवर सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारतात. पुदिन्याला साबणाचा वास येतो. काय करावं? (डोंबिवली)

उत्तर : दोन्ही थांबवा. साबण हातांसाठी आणि भांड्यांसाठी आहे. भाजीच्या पानांत तो राहतो आणि पोटात गेला तर मळमळ, जुलाब होतात. भाजी नळाखाली वाहत्या पाण्यात चोळून धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. ते पाणी बादलीत धरलंत तर कुंड्यांना होईल. पुड्या घरात आल्यावर जागच्या जागी लावा आणि हात धुवा, एवढं पुरतं.

हायपोक्लोराइट वापरायचंच असेल तर दाराची कडी, लिफ्टचं बटण, संडास अशा ठिकाणी, तेही पातळ करून. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ लिटर पाण्याला २० मिलिलिटर. हे द्रावण रोज ताजं करायचं, आणि फवारायचं नाही, फडक्यानं पुसायचं. एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगा: संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर ते कधीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

प्रश्न : माझ्या आईला सौम्य कोविड आहे, डॉक्टरांनी घरीच वेगळं राहायला सांगितलं आहे. शेजारी म्हणतात थर्माकोलच्या ताटल्या आणा, कपडे फेकून द्या. मला हे पटत नाही, पण दोन लहान मुलं घरात आहेत. (पिंपरी)

उत्तर : जुलैमध्ये आमच्या घरी ह्यांना झाला होता, त्यामुळे तुमच्या घरात या घडीला काय चाललं असेल ते मला कळतं. आईंना लवकर उतार पडो.

मी ह्यांच्यासाठी एक स्टीलचं ताट, दोन वाट्या, तांब्या-भांडं आणि चमचा वेगळा काढला होता. ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे चुकून ओट्यावर मिसळणार नाही. जेवण झालं की हे आपल्या बाथरूममध्ये ताट विसळून साबणपाण्याच्या बादलीत ठेवायचे. मी मास्क आणि हातमोजे घालून ती बादली घ्यायची, गरम पाण्यानं घासायची, हातमोजे साबणानं धुवून वाळत टाकायची. ते स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे एकच जोड होता आणि सगळे दिवस पुरला. घरात दुसरं कुणी आजारी पडलं नाही. याचं श्रेय मी ताटाला देत नाही. ह्यांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या पावसातसुद्धा उघड्या होत्या आणि दार लावलेलं होतं, त्याचा वाटा मोठा असावा. तुम्हीही मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा, आणि आईंजवळ जाताना तुम्ही दोघींनीही तीन पदरी सर्जिकल मास्क लावा. इथे कापडी मास्क पुरेसा नाही. या काही दिवसांत कचरा झाला तर झाला, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

कपडे फेकायचं काहीच कारण नाही. न झटकता थेट गरम पाण्यात आणि साबणात, मग कडक उन्हात. ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा दिवसातून तीन-चार वेळा लिहून ठेवा. ९५च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

आईंचे मास्क, रुमाल-टिश्यू, कापूस हा कचरा मात्र स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात मिसळू नका. साथीच्या काळात तो पिवळ्या पिशवीत वेगळा बांधायचा असतो आणि महापालिकेची माणसं तो वेगळा नेतात. तुमच्या भागातल्या आरोग्य निरीक्षकांना आजच फोन करून नेण्याचा दिवस विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही घरात पाच जण. रोज निळे सर्जिकल मास्क वापरतो, महिन्याला दीडशे होतात. हे कागदाचे असतात ना? खतात टाकले तर चालतील का? आणि कापडी मास्क खरोखर उपयोगी आहे का? (सांगली)

उत्तर : कागदाचे नसतात. हाताला कापडासारखे लागतात, पण ते पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे प्लॅस्टिकच. खतात कुजणार नाहीत आणि जाळले तर धूर विषारी.

रोजच्या बाहेर पडण्याला, म्हणजे भाजी, बँक, मोकळ्या हवेतलं फिरणं, धुवून वापरायचा घट्ट विणीचा सुती मास्क चांगला आहे. दोन-तीन पदर हवेत, आणि नाकापासून हनुवटीखालपर्यंत फट न राहता बसायला हवा. जुन्या सुती साडीचे, पंच्याचे उत्तम होतात. मास्क उजेडासमोर धरून बघा, पलीकडचा दिवा स्पष्ट दिसला तर आणखी एक पदर शिवा. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक सल्लागार कार्यालयानं घरगुती मास्कची पुस्तिका काढली आहे. तिच्यात साबण आणि कोमट पाण्यानं धुवून किमान ५ तास उन्हात वाळवा, असं सांगितलंय. ऊन नसेल तर कुकरमध्ये १० मिनिटं उकळायचे. तुमच्याकडे माणशी तीन, असे पंधरा मास्क शिवले तर भागेल. कुणी दवाखान्यात जाणार असेल, साठीच्या पुढचं किंवा मधुमेहाचं कुणी गर्दीत जाणार असेल, तर त्यांनी सर्जिकलच घालावा. तिथे काटकसर नको.

आता फेकण्याबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या इमारतीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या एक ताई रोज दारावर येतात. वर्गीकरण त्या हातानं करतात. ओलं एकीकडे, सुकं एकीकडे, विकण्याजोगं तिसरीकडे. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी जिना उतरत होते आणि त्या खाली बसून कुणाच्या तरी घरची पिशवी सोडवत होत्या. आत चहाचा चोथा, नारळाची शेंडी आणि त्यात गुंतलेले पाच-सहा निळे मास्क. एका मास्कचं रबर त्यांच्या हातमोज्याच्या बोटाला अडकलं होतं आणि त्या ते दुसऱ्या हाताच्या मनगटानं सोडवत होत्या, कारण बोटं लावायची नव्हती. हातमोज्याचं अंगठ्याजवळचं टोक फाटलेलं होतं. मी नुसती उभी राहिले. त्या म्हणाल्या, “ताई, हे कुणाच्या तोंडावरचं हे मला काय ठाऊक? ज्यांनी टाकलं त्यांना ठाऊक असंल.”

लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळे दारं लावून बसलो तेव्हाही या बायका येतच होत्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, एवढंच त्या साथीच्या कितीतरी आधीपासून सांगत आल्या आहेत. तेवढंही पुष्कळ घरांत होत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२०मधली सूचना अशी आहे, की घरातले वापरलेले मास्क आणि हातमोजे कागदी पिशवीत ७२ तास ठेवावेत आणि मगच सुक्या कचऱ्यात द्यावेत. मास्क कापून टाकावा, म्हणजे कुणी धुवून पुन्हा विकणार नाही. आमच्याकडे रद्दीच्या पिशव्या करते मी. गॅलरीत खिळ्याला टांगलेल्या असतात. मास्क काढला की रबरं आधी कापायची, मग मास्क मधून, मग पिशवीत, मग हात धुवायचे. पिशवी भरली की तोंड दुमडून त्यावर त्या दिवसाची तारीख आणि लाल ठिपका. चौथ्या दिवशी ती मी इतर कचऱ्यात न टाकता वेगळी देते आणि आत काय आहे ते तोंडानं सांगते. ताई ती न उघडता तशीच गाडीच्या कडेला लावतात.