रखडलेला पुनर्विकास : आधी हिशेब, मग न्यायालय

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आपल्या आईवडिलांच्या सोसायटीची इमारत २०१७ मध्ये पुनर्विकासासाठी पाडली गेली, २०१९ पासून बाराव्या स्लॅबपर्यंतचा सांगाडा नुसता उभा आहे, भाडे बंद होऊन काही वर्षे झाली, आणि आता काही सभासद रेराकडे (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) जा म्हणतात, काही दिवाळखोरीचा अर्ज करा म्हणतात, तर काही करार रद्द करून मोकळे व्हा म्हणतात. यांपैकी नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. आमच्या सोसायटीचा पुनर्विकासही असाच रखडला होता आणि त्या काळात मी तिचा सचिव होतो. छत्तीस सभासदांची ती इमारत २०१२ च्या दिवाळीनंतर पाडली गेली, २०१५ मध्ये सातव्या स्लॅबवर काम थांबले आणि आम्ही २०२१ च्या गणपतीत नव्या घरात गेलो. त्यामुळे जे लिहितो आहे त्यातील बराचसा भाग फी भरून शिकलेला आहे.

माझे पहिले म्हणणे असे की, कोणता दरवाजा ठोठवायचा हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की, त्या सांगाड्यात अजून विकण्यासारखे काय शिल्लक आहे. मुंबईतील पुनर्विकासात सभासदांना घरे फुकट मिळतात असे आपण म्हणतो, पण ती घरे वरच्या मजल्यांवरील विक्रीच्या सदनिकांच्या पैशातून बांधली जातात. विकासकाने विक्रीच्या सदनिका आधीच विकून किंवा गहाण ठेवून तो पैसा दुसऱ्या प्रकल्पात घातला असेल, तर कोणत्याही न्यायालयाचा आदेश सिमेंट आणून देत नाही. उलट, उरलेल्या विक्रीयोग्य क्षेत्राची किंमत उरलेल्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर आज ना उद्या कोणीतरी नवा विकासक किंवा वित्तसंस्था येतेच. म्हणून वकिलाच्या आधी एखादा प्रामाणिक आर्किटेक्ट आणि क्वांटिटी काढून देणारा अभियंता गाठा.

आमचा हिशेब उदाहरणादाखल सांगतो. उरलेल्या बांधकामाचा खर्च १४ कोटी, महापालिकेचे थकलेले अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीसाठीची रक्कम) व इतर शुल्क २ कोटी, सभासदांचे थकीत भाडे ३.६ कोटी आणि कबूल केलेला कॉर्पस (विकासकाने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) २.५ कोटी, म्हणजे एकूण २२.१ कोटींची गरज होती. समोर न विकलेले ९,८०० चौरस फूट क्षेत्र होते, त्याचा त्या वेळचा भाव १६,००० रुपये धरल्यास जवळपास १५.७ कोटी, आणि ज्या अकरा जणांनी आधीच सदनिका घेतल्या होत्या त्यांच्याकडून यायचे बाकी हप्ते ४.२ कोटी. बेरीज १९.९ कोटी. म्हणजे प्रकल्प बुडालेला होता, पण फार खोल नव्हे. सभासदांनी कॉर्पस सोडला आणि थकीत भाडे निम्म्यावर आणले, तेव्हा गरज १७.८ कोटींवर आली आणि नव्या विकासकासाठी सुमारे दोन कोटींची जागा निर्माण झाली. ही एका ओळीची वजाबाकी आहे, परंतु ती सर्वसाधारण सभेत मान्य करून घ्यायला आम्हाला चौदा महिने लागले, कारण प्रत्येकाच्या मनात आपले थकीत भाडे हे बँकेतील ठेवीसारखे पक्के बसलेले होते.

हा हिशेब करण्यासाठी लागणारी माहिती विकासक देणार नाही, हे गृहीत धरा. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर किती सदनिका विकल्या गेल्या, नोंदणीची मुदत कधी संपली आणि प्रकल्पावर कोणाचा बोजा आहे, ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर मिळते. दुय्यम निबंधकाकडील शोधअहवालात नोंदणीकृत करारनामे व गहाणखते सापडतात, आणि विकासक कंपनी असेल तर तिने घेतलेल्या कर्जांचे बोजे कंपनी निबंधकाच्या नोंदीत असतात. महापालिकेकडून मंजूर नकाशे, आयओडी (प्रस्तावाला अटींसह मिळणारी मंजुरी) आणि शेवटच्या प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत माहिती अधिकारात मागवा. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम करण्याची परवानगी, ज्याला सगळे सीसी म्हणतात, ते एका वर्षापुरते असते आणि पुढे मुदतवाढ घ्यावी लागते. आमच्याकडे असे निघाले की, सीसी सहाव्या मजल्यापर्यंतचीच होती आणि सातवा स्लॅब परवानगीविना पडलेला होता. तो नियमित करून घेण्याचा दंड वरच्या हिशेबातील २ कोटींत धरलेला आहे.

काम का थांबले, हेही याच कागदांतून कळते. विकासक सहसा नोटाबंदी, करोना आणि ‘परवानग्या’ ही तीन कारणे सांगतो. करोनाचे कारण २०१९ मध्ये थांबलेल्या आपल्या कामाला लागूच पडत नाही. माझ्या मते आपल्या बाबतीत तारीख बोलकी आहे, कारण सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोलमडल्यानंतर बिगरबँक वित्तसंस्थांनी बांधकाम क्षेत्राला कर्ज देताना हात आखडता घेतला आणि उधारीवर चालणारे अनेक प्रकल्प पुढच्या काही महिन्यांत जागच्या जागी थांबले. विमानतळाच्या परिसरात उंचीची परवानगी हे खरे कारण असू शकते, आणि ते असेल तर वरचे विक्रीचे मजले कधीच होणार नाहीत, म्हणून हिशेब मुळातून बदलतो.

आता कायद्याकडे येतो. एकाच सांगाड्यात दोन प्रकारची माणसे अडकलेली असतात आणि दोघांचा कायदा वेगळा आहे, ही गोष्ट बहुतेक सभांमध्ये कोणी स्पष्ट सांगत नाही. पैसे देऊन सदनिका घेतलेला खरेदीदार रेरा कायद्याच्या कलम १८ खाली प्रकल्प सोडून व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जावरील किमान व्याजदरापेक्षा) २ टक्के अधिक असतो. जुना सभासद मात्र पैसे देऊन घर घेत नाही, तो आपल्या हक्काच्या बदल्यात घर घेतो, म्हणून त्याला रेराच्या अर्थाने खरेदीदार मानण्यास अडचण येते आणि भाडे, कॉर्पस, ताबा या तक्रारी विकसन करारनाम्याच्या आधारे दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे न्याव्या लागतात. ‘रेरात जाऊ’ म्हणणारे सभासद बहुधा इथेच फसतात. दोन वर्षे सुनावणीची वाट पाहून त्यांना ‘योग्य मंचाकडे जा’ असा आदेश मिळतो, आणि तोवर दिवाणी दाव्याची मुदत निघून जाण्याची भीती असते. खरेदीदारांच्या बाजूनेही भाबडेपणा नको. व्याजाचा आदेश मिळाला आणि विकासकाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे जाते आणि महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली व्हायची असते. ज्याच्या नावावर काहीच उरलेले नाही, त्याच्याकडून तलाठी तरी काय आणणार?

रेरातील एक कलम दोन्ही गटांच्या उपयोगाचे आहे, ते कलम ८. नोंदणीची मुदत संपली किंवा नोंदणी रद्द झाली, तर उरलेले काम कोणी करावे हे प्राधिकरण शासनाशी विचारविनिमय करून ठरवू शकते आणि ते काम घेण्याचा किंवा नाकारण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेला असतो. पण या वाटेने जायचे तर संघटना हवी, आणि संघटनेला पुन्हा तोच हिशेब हवा.

करार रद्द करण्याचा मार्ग सोसायटीसाठी बहुतेक वेळा योग्य असतो, मात्र त्याची वेळ फार महत्त्वाची आहे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजे पत्रा चाळीचे उदाहरण पाहा. ६७२ कुटुंबांच्या या वसाहतीचा सोसायटी, म्हाडा आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करार २००८ मध्ये झाला. विकासक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया जुलै २०१७ मध्ये दाखल करून घेतली गेली आणि म्हाडाने करार रद्द करण्याची नोटीस जानेवारी २०१८ मध्ये दिली. दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीच्या ताब्यातील मालमत्ता काढून घेण्यास स्थगिती लागते, आणि विकासकाला जमिनीवर केवळ बांधकामासाठी प्रवेश दिलेला असला तरी ही स्थगिती लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये याच प्रकरणात दिला. पुढे राज्य सरकारच्या निर्णयानंतर म्हाडाने काम हाती घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. करारापासून चौदा वर्षे गेली, आणि मागे सरकारी यंत्रणा असतानाही गेली. आपल्या सोसायटीच्या मागे कोणीच नाही. म्हणून जे सभासद दिवाळखोरीचा अर्ज करा म्हणतात त्यांना हे उदाहरण दाखवा. हा अर्ज करण्याचा अधिकार खरेदीदारांना आहे, त्यासाठी एकाच प्रकल्पातील १०० किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके जण लागतात, परंतु प्रक्रिया सुरू झाल्यावर सोसायटीची जमीन अडकून पडण्याचा धोका खरा आहे. करार रद्द करायचा असेल तर त्याआधी करा.

रद्द करणे म्हणजे केवळ सभेत ठराव करणे नव्हे. करारनाम्यात सांगितल्याप्रमाणे दोष दुरुस्त करण्याची नोटीस, तिची मुदत संपल्यावर विशेष सर्वसाधारण सभा, रद्द केल्याची नोटीस, विकासकाला दिलेले कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत लेखाने मागे घेणे आणि महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाला पत्र, हा सर्व क्रम पाळावा लागतो. आम्ही कुलमुखत्यारपत्र मागे घ्यायचे विसरलो होतो, आणि करार रद्द झाल्यानंतर चार महिन्यांनी आमच्याच नावाने महापालिकेत अर्ज दाखल झालेला पाहिला.

करार रद्द झाला की खरेदीदारांचे काय, हा प्रश्न सभेत नक्की येईल. अंधेरीच्या न्यू डी. एन. नगर प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असे म्हटले की, विकासकाकडून सदनिका घेणाऱ्यांचा करार विकासकाशी असतो, आणि सोसायटीने विकासकाला कायदेशीररीत्या दूर केल्यावर ते सोसायटीकडे सदनिका मागू शकत नाहीत. हा निर्णय वाचून काही कार्यकारिणी खूश होतात आणि खरेदीदारांना वाऱ्यावर सोडायला निघतात. मला हे गैर वाटते, आणि व्यवहारातही ते महाग पडते. वरच्या हिशेबातील ४.२ कोटी खरेदीदारांचे होते. त्यांना बाहेर काढले असते तर तेवढे क्षेत्र पुन्हा विकता आले असते हे खरे, पण अकरा दावे, अकरा मनाई अर्ज आणि त्यांच्या सावटाखाली नवा विकासक येणार कोण? आम्ही त्यांना महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये बोलावले. पहिल्या बैठकीत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने आमच्यासमोर आपली पासबुके मांडली, तेव्हा आमच्यातले जे सर्वांत मोठ्याने बोलत होते ते गप्प झाले. पुढे त्यांचे उरलेले हप्ते स्वतंत्र खात्यात आणि कामाच्या टप्प्यानुसारच काढायचे, असा त्रिपक्षीय करार झाला.

थकीत भाड्याबद्दल एक छोटी सूचना. पुढील तारखांचे धनादेश आपल्याकडे असतील आणि ते परत आले असतील, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर १५ दिवसांची मुदत आणि त्यापुढे एका महिन्यात तक्रार, असे धनादेश न वटण्याबाबतच्या कलम १३८ चे (परक्राम्य संलेख अधिनियम) वेळापत्रक आहे. जुने धनादेश आता कालबाह्य झाले असतील. विकासकाने नवे दिले तर ते कपाटात ठेवू नका.

आता ज्याकडे कोणी पाहत नाही त्या सांगाड्याबद्दल. थांबलेल्या इमारतीत दर पावसाळ्यात झीज होते. शेवटच्या स्लॅबवर कॉलमच्या ज्या सळया उघड्या राहतात त्या गंजतात, आणि त्यांचा व्यास किती घटला हे मोजल्याशिवाय त्यांना नवी सळी जोडता येत नाही. आमच्याकडे वायरब्रशने घासल्यावर गंजाचे पापुद्रे मुठीने निघाले आणि अखेर सातव्या मजल्याचे अनेक कॉलम दीड फूट फोडून आतली चांगली सळी शोधावी लागली. सेंटरिंगचे प्लायवूड कुजून स्लॅबखाली लोंबत होते, आणि तळघरात कमरेइतके पाणी होते. त्यात डासांच्या अळ्या झाल्या म्हणून महापालिकेची नोटीस सोसायटीच्याच नावाने आली, विकासकाच्या नव्हे, कारण जमीन आमची. तळघर असेल तर पंप बंद करण्यापूर्वी स्ट्रक्चरल सल्लागाराला विचारा. वरच्या मजल्यांचे वजन आलेले नसताना बाहेरच्या भूजलाचा दाब तळाच्या लादीला वर उचलू शकतो. रखवालदाराला पगार मिळत नव्हता, तरी तो गेला नाही. रॅम्पच्या कडेला त्याने भेंडी लावली होती, आणि कोण केव्हा येऊन किती लोखंड घेऊन गेले हे त्याने एका शालेय वहीत लिहून ठेवले होते. ती वही पुढे आमच्या दाव्यात कामी आली.

म्हणून यंदाच्या पावसाळ्याआधी रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक आणि काही ठिकाणी कोअर (काँक्रीटचा नमुना) काढून काँक्रीटच्या मजबुतीची स्वतंत्र तपासणी करून घ्या, उघड्या सळयांवर गंजरोधक लेप देऊन त्या झाका आणि सर्व मजल्यांची तारखेसह छायाचित्रे काढा. या अहवालाशिवाय कोणताही गंभीर विकासक दर देत नाही, आणि दिलाच तर तो भीतीपोटी जास्तीचा असतो. आधीच्या आर्किटेक्टची थकलेली फी आणि त्याचे ना हरकत पत्र हा विषयही लगेच मिटवा. आमचे या एका पत्रासाठी पाच महिने गेले.

नव्या विकासकाशी बोलताना सोसायट्यांच्या पुनर्विकासाबाबतच्या २०१९ च्या शासननिर्णयातील प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमीची मागणी सोडू नका. ती पूर्ण मिळणार नाही, विकासक हसेल, पण घासाघीस तिथून सुरू झाली तर निदान काही हमी हाती येते. आपल्या आधीच्या करारनाम्यात ती होती का, हे पाहा. असेल आणि वटवली गेली नसेल, तर तिची मुदत आजच तपासा.

शेवटच्या सीसीची प्रत आणि विकलेल्या सदनिकांची यादी हाती आली की आकडे इथेच लिहा. वजाबाकी मी तपासून सांगेन.