उद्यान विभाग इतर सरकारी खात्यांशी नियोजनाचा समन्वय नेमका कसा साधतो?

पदपथावर नवी झाडे लावली जातात आणि वर्षभराच्या आत तोच पदपथ पाण्याच्या वाहिनीसाठी खोदला जातो, असे का होते. ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत का, असा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे उद्यान विभागाच्या नियोजन शाखेत काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नामागची चीड मला समजते. खाती एकमेकांशी बोलतात, परंतु बहुतेक वेळा उशिरा बोलतात.

कोणत्याही शहरात उद्यान विभागाचा इतर खात्यांशी संबंध साधारण तीन टप्प्यांवर येतो. पहिला टप्पा विकास आराखड्याचा असतो. वीस-पंचवीस वर्षांचा विचार करून कोणती जमीन उद्यानासाठी राखायची, कोणता नाला मोकळा ठेवायचा, रस्ता कुठून न्यायचा हे त्यात ठरते. दुसरा टप्पा पुढील काही वर्षांच्या कामांच्या यादीचा आणि अंदाजपत्रकाचा. तिसरा टप्पा प्रत्यक्ष कामाच्या परवानगीचा, म्हणजे ज्याला आपण ना-हरकत म्हणतो त्याचा. समन्वयाची बहुतेक कागदपत्रे या तिसऱ्या टप्प्यावर तयार होतात आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. फाइल ना-हरकतीसाठी उद्यान विभागाकडे येते तोपर्यंत वाहिनीची आखणी झालेली असते, खर्चाला मंजुरी मिळालेली असते आणि निविदा काढण्याची घाई असते. अशा वेळी उद्यान विभाग फार तर किती झाडे तोडायची, किती पुन्हा लावायची यावर घासाघीस करू शकतो. वाहिनी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने नेता आली असती का, हा प्रश्न तेव्हा कोणी ऐकून घेत नाही.

याचे एक उदाहरण माझ्या मनात पक्के बसले आहे. एका रस्त्याच्या कामाचा नकाशा आमच्याकडे आला होता आणि त्यावर प्रत्येक मोठे झाड खोडाएवढ्या लहान हिरव्या ठिपक्याने दाखवले होते. वाहिनीचा चर त्या ठिपक्यांपासून दीड मीटरवरून जात होता, म्हणून अभियंत्यांच्या दृष्टीने झाडांना काहीच धोका नव्हता. वास्तविक झाडाची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या ते पाऊण मीटरच्या थरात आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. ब्रिटनमधील बीएस ५८३७ या मानकानुसार, एकाच खोडाच्या झाडासाठी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र धरले जाते. म्हणजे अर्धा मीटर व्यासाच्या खोडाभोवती सहा मीटर. आम्ही त्याच नकाशावर ही वर्तुळे काढून परत पाठवली. त्यावर लांबलचक पत्रव्यवहार झाला नाही. अभियंत्यांनी स्वतःच विचारले की, तेवढ्या भागात उघडा चर न खणता मुळांच्या खालून आडवे छिद्र पाडून वाहिनी नेली तर चालेल का. दोन्ही खात्यांना एकाच नकाशावर एकच गोष्ट दिसू लागली की अर्धे काम होते, हे मी त्या दिवशी शिकलो. म्हणून उद्यान विभागाने आपल्या झाडांची, पायवाटांची आणि पाणी साचणाऱ्या जागांची माहिती इतर खात्यांच्या नकाशांवर आधीच चढवून ठेवणे हे मी कोणत्याही समन्वय समितीपेक्षा महत्त्वाचे मानतो.

दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे कामांच्या याद्या तयार होत असताना, खाती एकत्र आली तर काय घडू शकते याचा उत्तम दाखला सिंगापूरमधील बिशान–आंग मो किओ उद्यानाचा आहे. उद्यानाच्या कडेने कलांग नदी काँक्रीटच्या सरळ कालव्यातून वाहत होती. कालव्याची क्षमता वाढवणे हे तेथील जलसंस्थेचे काम होते आणि उद्यानाचे नूतनीकरण हे उद्यान मंडळाचे. दोन्ही कामे एकाच सुमारास आवश्यक झाली होती; ती वेगवेगळी न करता एकत्र हाती घेण्यात आली. २.७ किलोमीटरचा सरळ कालवा काढून त्या जागी ३.२ किलोमीटरची वळणे घेत जाणारी, हिरव्या काठांची नदी तयार झाली आणि २०१२ मध्ये ते उद्यान नव्या रूपात खुले झाले. एरवी लोक काठावर फिरतात. मोठा पाऊस आला की तोच सखल भाग पुराचे पाणी सामावून घेतो. त्यासाठी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, भोंगे आणि इशाऱ्याचे दिवे बसवलेले आहेत. कालव्याची जागा एका खात्याची आणि उद्यानाची दुसऱ्या खात्याची अशी सीमारेषा घट्ट धरून बसले असते तर हे साधले नसते.

मात्र बांधकामाच्या उत्साहात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे देखभाल. शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर परिसरातील मुलांसाठी खुले करण्याची योजना घ्या. शिक्षण विभागाकडे जागा आहे, उद्यान विभागाकडे माळी आणि खेळसाहित्य आहे, कल्पना सर्वांना आवडते. परंतु संध्याकाळी फाटकाला कुलूप कोणी लावायचे, तुटलेला झोपाळा कोणाच्या लेखाशीर्षातून दुरुस्त करायचा, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरले नसेल तर पहिली कुरबूर होताच फाटक बंद होते आणि मग ते उघडायला कोणीच पुढे येत नाही. करारात या बारीकसारीक बाबी नावानिशी लिहिल्या पाहिजेत, यावर मी नेहमीच आग्रही राहिलो आहे.

काही ठिकाणी मात्र सौहार्द पुरत नाही आणि कायद्याचाच आधार लागतो, कारण उद्यानाची मोकळी जमीन ही रस्ते बांधणाऱ्याला नेहमीच सर्वांत स्वस्त जमीन वाटते. अमेरिकेत १९६६ च्या वाहतूक विभाग कायद्याने, दुसरा व्यवहार्य आणि सुज्ञ पर्याय नसेल तरच सार्वजनिक उद्यानातून महामार्ग नेण्यास संघराज्याची मंजुरी देता येईल, असे बंधन घातले. मेम्फिसमधील ओव्हर्टन पार्कमधून जाणाऱ्या महामार्गाविरुद्ध नागरिक न्यायालयात गेले, १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन गांभीर्याने पाळण्यास बजावले आणि तो महामार्ग उद्यानातून कधीच गेला नाही.

आपल्या भागातील कामाबद्दल विचारायचे असेल तर झाडे कोणी तोडली याऐवजी उद्यान विभागाचा अभिप्राय कोणत्या तारखेला मागवला गेला, हे विचारून पाहा. ती तारीख आखणीच्या मंजुरीनंतरची असेल, तर आपल्याला कारण कळलेच. पुढील वर्षाच्या कामांची यादी मंजूर होण्यापूर्वी तिच्यावर सूचना मागवल्या जात असतील, तर त्या मुदतीत पाणीपुरवठा, रस्ते आणि उद्यान या तिन्ही खात्यांना एकच पत्र पाठवा आणि त्यात रस्त्याचे नाव व झाडांची संख्या अवश्य लिहा.