रोज चार-साडेचार तासच झोप मिळते. तरी दिवसभर तरतरीत राहून काम कसं करावं?

नोकरी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, त्यात झोपेचं खोबरं, असं तुम्ही लिहिलंय. परीक्षेतलं मला काही कळत नाही. पण भोसरीत सीएनसी मशीनवर (धातू कापणारं, संगणकावर चालणारं यंत्र) नऊ वर्षं तीन पाळ्यांत काढली आहेत, त्यामुळे अर्धवट झोपेत काम करणं चांगलंच ठाऊक आहे.

आधी माझी फजिती. थर्ड शिफ्टचा, म्हणजे रात्रपाळीचा चौथा दिवस, दुपारी घरात पाहुणे, झोप जेमतेम चार तास. पहाटे साडेतीनला जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा भाग, मोजला. मायक्रोमीटरवरची (बारीक मापं घ्यायचं साधन) अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली आणि १२.८७ चं १२.३७ वाचलं. व्यास कमी येतोय म्हणून मशीनला ऑफसेट, म्हणजे तो वाढवायची दुरुस्ती टाकली, वर परत मोजायचंही सुचलं नाही. सकाळच्या पाळीवाल्याने पकडलं तोवर ३२ नग जाड निघाले होते. जाड होते म्हणून रिवर्क झाला, बारीक असते तर थेट भंगारात. आणि त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर 'एकदम फ्रेश' असंच सांगितलं असतं. नुकताच चहा झाला होता ना!

खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत २००३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस रोज चारच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. त्यांना स्वतःला मात्र थोडी सुस्ती आहे, इतकंच वाटत होतं. तेव्हा 'मला सवय झालीय' हे स्वतःचं म्हणणं फार मनावर घेऊ नका.

मी काय करतो ते सांगतो. पाळीतल्या सुट्टीत आधी चहा पितो आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून बाकावर आडवा होतो. चहातलं कॅफीन अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. त्याहून जास्त झोपलो तर डोकं जड होतं, मग अर्धा तास काही सुधरत नाही. पण उशिरा चहा नको. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. तुम्ही रात्री बाराला झोपत असाल तर चारनंतर कप उचलू नका. एनर्जी ड्रिंकच्या तर वाटेलाच जाऊ नका.

दुसरं, कामाचा क्रम. सेटिंग, नवीन ड्रॉइंग, डोक्याचं जे काही असेल ते मी रात्रपाळीत दोनच्या आत उरकतो. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात ढिलं असतं, तेव्हा बर (कापलेल्या कडेवरची खरखर) काढणं, साफसफाई, हिंडायची कामं. तुमचा तसला वेळ बहुतेक जेवणानंतर दुपारी येत असेल; तेव्हा फायलिंग करा, गणितं नकोत. आणि अभ्यासाचा शेवटचा पेंगत केलेला तास सरळ झोपेला द्या. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच.

एका बाबतीत मात्र जुगाड नाही. सतरा-अठरा तास जागं राहिलं की हात-डोकं रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखं चालतं, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. म्हणून अशा सकाळी बाइक कंपनीतच ठेवतो आणि बसने जातो. दोनदा झोप लागून आकुर्डीऐवजी निगडीला उतरलोय, तेवढं चालतं.