इतिहास बिघडवण्याआधी तो नीट वाचा
आधुनिक इतिहासाची गमतीने मोडतोड करणारा भूमिकाखेळ, म्हणजे ज्यात प्रत्येक खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतो असा खेळ, तुम्ही पहिल्यांदाच चालवणार आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की एका डावात एकच धागा उसवा आणि बाकीचा तपशील खराच ठेवा, कारण सगळेच खोटे असले की कशावर हसायचे हे खेळाडूंना कळत नाही. उदाहरणार्थ, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात उभ्या राहिलेल्या संकटानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना जोडणारी जी थेट संपर्कयंत्रणा उभी राहिली, तिच्यात लोकांच्या कल्पनेतला लाल टेलिफोन नव्हताच. तिथे मजकूर छापणारी टेलिप्रिंटर यंत्रे होती. आता एवढाच बदल करा की यंत्रातले एक अक्षर अडकते, आणि खेळाडूंना दोन्हीकडच्या भाषांतरकारांच्या भूमिका द्या. मी हा प्रसंग घेतला तेव्हा फासे हातात घेण्याआधीच अर्धा तास एका शब्दाच्या अर्थावरून रंगला होता. नियम खेळता खेळता अंगवळणी पडतात, त्यांची काळजी नको. थट्टेचा रोख मात्र सत्ताधारी आणि त्यांच्या घोषणांवरच असू द्या. युद्धात किंवा दडपशाहीत होरपळलेल्यांवर तो कधीही वळू नये, आणि कोणते विषय टाळायचे हे पहिल्या डावापूर्वीच सर्वांशी मोकळेपणाने बोलून ठरवा.