वाचक विचारतात : कवितेची ओळ आणि वहीची शिवण

प्रश्न : आईच्या कवितांच्या दहा प्रती हाताने बांधायच्या आहेत. ए-फोर कागद मधोमध दुमडून पानं केली, टाइप १६ पॉइंट. शार्दूलविक्रीडित वृत्तातल्या ओळींचे शेवटचे एक-दोन शब्द खाली घसरतात. शिवाय पानं उघडी राहत नाहीत आणि हातकागद चिकटवलेलं कव्हर वाळल्यावर वाकतं.

उत्तर : आधी ओळ, कारण पान तिच्यासाठी आहे. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात, म्हणजे एका ओळीत, १९ अक्षरं, यती (वाचतानाचा थांबा) बाराव्यानंतर. संगणक मात्र जागा संपली की ओळ तोडतो. वाचणारा तिथेच अडखळतो आणि लय जाते. शिवणीकडे २० मिमी, बाहेर १५ मिमी समास ठेवून १३ पॉइंट करून पाहा. ज्येष्ठांसाठी टाइप मोठाच हवा असेल, तर यतीवर तोडा आणि उरलेली सात अक्षरं आत सरकवून लावा, म्हणजे तो नवा चरण वाटणार नाही. मंदाक्रान्ता वृत्तात (४, ६ आणि ७ अक्षरांचे तुकडे) दहाव्या अक्षरानंतर तोडता येतं. मुक्तछंदात ही मुभा नाही. तिथे ओळ कुठे संपवायची ते आईंनी ठरवलंय. टाइपच लहान करा.

पानं मिटतात ती ग्रेनमुळे, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेमुळे. बहुतेक ए-फोर कागदांत तंतू लांब बाजूने धावतात आणि तुमची घडी त्यांना आडवी पडते. लांब ग्रेनचा ए-थ्री कागद आणून मधोमध कापा. त्या ए-फोरची घडी तंतूंच्या दिशेने बसेल. खात्रीसाठी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवा. ज्या घडीला कमी विरोध, तिच्या रेषेत तंतू.

कव्हर वाकतं कारण खळीने ओला झालेला हातकागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतूनही तेवढ्याच वजनाच्या कागदाचं अस्तर त्याच बैठकीत लावा. खळ एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत शिजवलेली. पातळ केलीत तर कागद जास्त भिजेल. टिकावी म्हणून मोरचूद घालू नका, ते विषारी आहे आणि कागदालाही चांगलं नाही. ताजी करा, उरलेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून वजनाखाली २४ तास. घाईने उन्हात ठेवलंत तर पुन्हा वाकणारच.

प्रश्न : आठ कागदांची वही शिवताना भोकं फाटतात.

उत्तर : दोरा पानाच्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडे, ओढला जातोय. तो घडीला समांतर ओढा. भोकं सुईने नको, आधी बारीक दाभणाने पाडा : २१० मिमी उंचीत वरून ३५, १०५ आणि १७५ मिमीवर. मेण लावलेला ५५ सेंमी दोरा घ्या. मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आतला लांब टाका दोन टोकांच्या मधे धरून गाठ मारा. आतली पानं बाहेर डोकावतात, म्हणून कडा शिवल्यावरच कापा. आधी कापलीत तर त्या पायरीसारख्या दिसतील.