बोटांची टोकं तुटल्यावरही टोनी आयोमी गिटार कशी वाजवू शकला?

मधल्या दोन बोटांची टोकं गेली, तीही उजव्या हाताची. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा हा गिटारवादक डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, १७ व्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी हे झालं. खचलेल्या पोराला कारखान्यातल्या साहेबांनी जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. भाजलेल्या हाताची दोनच बोटं धड असलेला तो गिटारवादक ऐकून पठ्ठ्या उठला. साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं घडवली, वर चामडं चिकटवलं. तारा बँजोच्या, हलक्या लावल्या, म्हणजे दाबायला सोप्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममध्ये तर त्या सैल करून दीड स्वर खाली उतरवल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, काळोखा आवाज यातूनच आणखी गडद झाला. ५ जुलै २०२५ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी, तो त्याच बर्मिंगहॅममध्ये निरोपाच्या मैफलीत वाजवत होता.